कपाटाची चावी कुणाकडे?

दोस्तांनो, दहावीला विज्ञानात मी पास झालो. 'तरफ' घोकली होती : टेकू, भार, बल. दोन मार्कांना. शाळेत कपाट होतं. आत तराजू, चुंबक, काचेच्या नळ्या. त्याचं कुलूप उघडलेलं मी कधी पाहिलं नाही. मोडलं तर भरून कोण देणार, असं सर म्हणायचे. आम्ही म्हणजे मोडणारेच ना!

पुढं गोदीत आलो. एक लोखंडी पेटी जागची हलेना. एका म्हाताऱ्या कामगारानं पहारीखाली लाकडाचा ठोकळा सरकवला, पेटीच्या अगदी जवळ, आणि लांबच्या टोकावर एकट्यानं जोर दिला. पेटी उचलली गेली. च्यायला, हीच ती तरफ! म्हातारा अंगठा लावणारा. त्याला शब्द ठाऊक नव्हता, मला तरफ ठाऊक नव्हती. ह्या देशात शब्द एकाकडं नि पहार दुसऱ्याकडं ठेवायची रीत जुनी आहे. तिचं नाव तुम्हाला सांगायला नको.

म्हणून सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या मास्तरांबद्दल बोलायचंय. रणजितसिंह डिसले २००९ साली तिथल्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत आले. पोरींची घरची भाषा कन्नड, पुस्तक दुसऱ्याच भाषेत. मास्तर आधी कन्नड शिकले, मग पुस्तकं बदलली, त्यांत क्यूआर कोड घातले. मोबाईल धरला की कविता ऐकू येते, धडा दिसतो. पुढं सरकारनं तेच राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आणलं. २०२० ला त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, दहा लाख डॉलर. निम्मी रक्कम त्यांनी अंतिम यादीतल्या बाकी नऊ शिक्षकांत वाटली. पेपरवाले डॉलर मोजत बसले. मला कन्नड शिकणं मोठं वाटतं, तंत्र त्यानंतर.

पण कोडच्या मागं मोबाईल, मोबाईलच्या मागं रिचार्ज. २०२० च्या मार्चात शाळा बंद झाल्या तेव्हा आमच्या खोलीत एकच मोबाईल होता, आणि तो सकाळी माझ्याबरोबर गोदीत जायचा. धाकटी बहीण रात्री माझी वाट बघत बसायची. यात डिसले मास्तरांचा दोष नाही. सरकारनं कोड छापला नि हात झटकले. पुन्हा तेच कपाट, फक्त कुलूप दिसत नाही.

जोतिबांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढं बारा वर्षांपर्यंत सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागितलं, त्यात शेतीचं ज्ञानही मागितलं. तेव्हापासून मागतोय.

येत्या सोमवारी वस्तीतल्या म्युनिसिपल शाळेत जाऊन हेडमास्तरांकडं कपाटाची चावी मागायची आहे. पहार मी आणतो. कुलूप तोडायला नव्हे, चौथीच्या पोरांना तरफ दाखवायला. ठोकळा कुणीतरी आणा.