चार पोरं तीन वर्षं टिकत नाहीत म्हणे!

पोस्ट लांबली आहे, सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात आमच्या मंडळाच्या सभेत (कुठलं मंडळ ते बेळगावकरांना सांगायला नको, बाकीच्यांना कळून उपयोग नाही) एक ज्येष्ठ सदस्य उठून म्हणाले, "आजकालची पोरं एकत्र टिकतच नाहीत. बँड काढतात आणि तीन वर्षांत फुटतात. आपण बघा, एवढी वर्षं तीच माणसं!" टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. तिथे बोलायला हवं होतं, पण बोललो नाही, म्हणून इथे लिहितोय.

मी बी.कॉम., सारी नोकरी बँकेत गेली. माझा आणि गिटारचा संबंध शून्य. पण लॉकडाऊनमध्ये लेकीचा मुलगा आमच्याकडे वर्षभर अडकला आणि भिंतीपलीकडून रोज एकच आरडाओरडा ऐकू यायला लागला. शेवटी चिडून विचारलं, "हे काय आहे रे?" म्हणाला, "आजोबा, पोस्ट-हार्डकोर." हार्डकोर पंक म्हणजे वेगात, थोडक्यात, जीव तोडून ओरडणं. त्यातली आच ठेवून लय मोडायची, मध्येच शांत व्हायचं, पुन्हा उसळायचं, ते हे. मला त्यातलं संगीत अर्धंच कळलं. पण त्या बँडचा इतिहास त्याने सांगितला तेव्हा मी वही काढून बसलो. तो इतिहास म्हणजे भागीदारीचं नमुनेदार प्रकरण आहे.

बँडचं नाव ॲट द ड्राइव्ह-इन. गाव एल पासो, टेक्सास. रिओ ग्रांदे नदी ओलांडली की पलीकडे मेक्सिकोचं हुआरेस. सीमेवरचं गाव म्हटल्यावर बेळगावच्या माणसाचे कान टवकारणारच की! हुआरेसमध्ये बायकांचे खून होत राहिले, तपास नाही, दाद नाही, त्यावरही या पोरांनी गाणं केलं. शेजारच्या गावचं दुःख आपलं मानायला त्यांना कुणाचा ठराव लागला नाही.

१९९४ साली जिम वॉर्ड आणि सेड्रिक बिक्सलर यांनी सुरुवात केली. पहिली दोन-तीन वर्षं ढोलकीवाला कोण, बासवाला कोण, हे सारखं बदलत होतं. पहिला पूर्ण अल्बम निघाला तो सहाशे डॉलरमध्ये ध्वनिमुद्रित करून. मग घडी बसली. ओमार रॉड्रिग्ज हा पोर्तो रिकोत जन्मलेला, तो बास सोडून गिटारवर आला. ड्रमवर टोनी हज्जार, जन्म बैरुतचा. बासवर पॉल हिनोहोस. म्हणजे बाहेरून आलेल्यांना आत घेऊनच ती पेढी उभी राहिली. मध्ये १९९७ च्या सुमारास खुद्द संस्थापक वॉर्ड काही काळ बाजूला झाला. तरी काम थांबलं नाही, आणि तो परत आला तेव्हा कुणी दार लावलं नाही. आमच्याकडे एकाने राजीनामा दिला तर त्याच्या घरच्या लग्नाला जायचं की नाही यावर चर्चा होते!

२००० साली 'रिलेशनशिप ऑफ कमांड' आला, नाव जगभर झालं. आणि २००१ च्या जानेवारीत सिडनीच्या मोठ्या महोत्सवात, समोरचे प्रेक्षक एकमेकांवर आदळत होते, ते थांबेनात, म्हणून ही पोरं तीन गाणी म्हणून मंचावरून उतरली. लोकांनी नावं ठेवली. त्याच दिवशी त्याच महोत्सवात दुसऱ्या बँडच्या वेळी एक कोवळी मुलगी गर्दीत चेंगरली, पुढे दगावली. मग सांगा, माज कुणाचा होता?

त्याच वर्षी मार्चमध्ये, ऐन भरात, त्यांनी थांबल्याचं जाहीर केलं. आमचे ज्येष्ठ म्हणतील, "बघा, फुटले!" फुटले नाहीत हो, वाटणी झाली. दोघांना एका दिशेने जायचं होतं, तिघांना दुसऱ्या. सेड्रिक आणि ओमारने 'द मार्स व्होल्टा' काढली, वॉर्ड, हज्जार आणि हिनोहोसने 'स्पार्टा'. २००२ मध्ये एकाचा अल्बम, २००३ मध्ये दुसऱ्याचा. पुढे हिनोहोस या घरातून त्या घरात गेला. आपल्या १९३२ च्या भागीदारी कायद्याचं कलम ३६ हेच सांगतं: बाहेर पडलेल्याला तोच धंदा करायला मोकळीक आहे, जुन्या पेढीचं नाव मात्र वापरायचं नाही. मी कर्जप्रकरणं पाहिली आहेत. भांडत एकत्र राहिलेल्या भागीदारांची खाती आधी थकतात, हे कुठल्याही शाखेत विचारा.

नाणं एकाच बाजूचं नसतं, तेही सांगतो. २०१२ मध्ये पाचही जण पुन्हा एकत्र आले. २०१६ मध्ये मात्र वॉर्डशिवाय पुढे जायचं ठरलं, जागेवर कीली डेव्हिस आला आणि २०१७ ला नवा अल्बम निघाला. नावलौकिकाची किंमत कशी मोजली ते त्यांचं त्यांना ठाऊक, पण मला हे पटलेलं नाही. नातवाने दोन्ही ऐकवले. जुन्यात ओरडणाऱ्याच्या पाठीमागे एक दुसरा, सरळ आवाज आहे, तो वॉर्डचा. नव्यात ती जागा मोकळी वाटते. माझ्यासारख्या अडाण्याला जाणवलं, म्हणजे असेलच काहीतरी. जुना माणूस जाण्याने नुकसान होतं, नाही कोण म्हणतंय?

आणि न बदलता राहणारेही त्याच परंपरेत आहेत. वॉशिंग्टनचे फुगाझी १९८७ ला सुरू झाले, चौघांचा संच जमला तो शेवटपर्यंत. तिकीट शक्यतो पाच डॉलर, कार्यक्रम सगळ्या वयांच्या लोकांना खुले. पण २००२ नंतर चालेनासं वाटलं तेव्हा तेही थांबले, नुसती पाटी लावून बसले नाहीत.

आमच्याकडे पाटी आहे. अध्यक्ष सत्तावीस वर्षं तेच. गेल्या सभेला अकरा जण, त्यातला सर्वांत तरुण एकसष्टचा. टिकणं म्हणजे हे असेल तर बंद पडलेली बचत खातीही टिकतातच, वर्षानुवर्षं.

आता न सांगता येणारं सांगतो. १९९४ सालीच, तिकडे ती पोरं सुरू करत होती तेव्हा, शहापूरची चार मुलं आमच्या मंडळाकडे आली होती. रविवारी सकाळी हॉल द्या, सरावाला, भाडं देऊ म्हणाली. गिटार, ड्रम, शिवाय एकाची पेटी. आम्ही अर्ज फेटाळला. कारण लिहिलं, "सभागृहाचे पावित्र्य". इतिवृत्तावर खजिनदार म्हणून माझी सही आहे, निळ्या शाईत, मी परवाच जाऊन बघून आलो. त्यातले दोघे पुण्याला गेले, एक बेंगळुरूला. पेटीवाला इथेच दुकान चालवतो, मला रस्त्यात भेटला तर अजून "नमस्कार साहेब" म्हणतो. मंडळाच्या पायरीवर मात्र तो पुन्हा कधी चढला नाही.

येत्या सभेत मी ठराव मांडतोय: रविवारी सकाळी हॉल पस्तिशीच्या आतल्यांना विनाभाडे, किल्ली त्यांच्याकडेच, आणि कार्यकारिणीच्या निम्म्या जागा दर तीन वर्षांनी मोकळ्या, माझ्यापासून सुरुवात. अनुमोदक अजून मिळालेला नाही. बेळगावातल्या सभासदांपैकी कुणी तयार असेल तर मला फोन करा. संध्याकाळी सहानंतर, दुपारी मी झोपतो.