बांधावरची एरंड आणि आकाशातले विमान

वाचकहो, एरंडाचा विषय काढला की कोणी म्हणेल, लावले यांनी एरंडाचे गुऱ्हाळ! पण आजच्या गुऱ्हाळातून रस निघणार आहे. तो थोडा कडू आहे, एवढेच.

झाले असे की, परवा शेजारचा सहावीतला मुलगा पुस्तकातले एक चित्र घेऊन आला. चित्र होते पहिल्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाचे. एकावर एक असे दोन पंख, मध्ये काठ्या आणि काठ्यांना ताणलेल्या तारा. त्याने विचारले, "काका, पाखराला पंखांची एकच जोडी असते. मग याला दोन मजले कशाला?"

प्रश्न चांगला होता. त्या काळची इंजिने दुबळी होती. १९१७ साली लढाईत उतरलेल्या 'कॅमल' या नामांकित इंग्रजी विमानाचे इंजिन साधारण १३० अश्वशक्तीचे, म्हणजे आज गावात दिसणारे तीन ट्रॅक्टर मिळून जेवढी ताकद होते तेवढे. एवढ्या ताकदीवर माणूस, दोन मशीनगना आणि पेट्रोल उचलायचे तर पंखांचा पसारा मोठा हवा. पण लाकडाचा लांबलचक पंख मोडतो. म्हणून आखूड पंख एकावर एक ठेवायचे आणि काठ्या-तारांनी एकमेकांना जखडायचे. राखणीची माच उभारताना आपण नुसते चार खांब रोवून थांबत नाही, तिरक्या काठ्या बांधतो. तीच युक्ती.

आता खरी गंमत ऐका. हे विमान बनले होते कशाचे? सांगाडा लाकडाचा. लाकडाचे तुकडे चिकटवायला दुधातल्या केसीनपासून केलेली खळ वापरीत. पंखांवर कापड ताणलेले, आणि ते कापड जवसाच्या झाडाच्या तंतूंचे. आपण जवस घेतो ते तेलासाठी आणि चटणीसाठी. युरोपात त्याच झाडाच्या उंच जाती लावून, ताटे कुजवून त्यांचा वाख काढतात आणि त्याचे लिनन विणतात. कारखान्यांत बायका हे कापड पंखांच्या मापाने शिवीत. मग त्यावर 'डोप' नावाचे रोगण चढवीत. तेही बहुधा कापसाच्या तंतूंवर रसायनांची प्रक्रिया करून केलेले. रोगण वाळले की कापड ढोलकीच्या पानासारखे ताठ होई.

आणि इंजिनाचे वंगण? एरंडेल! तेच एरंडेल, जे आजीने नाक दाबून आपल्याला पाजले आणि आजोबांनी गाडीच्या आसाला लावले. कॅमलसारख्या विमानांचे इंजिन आजच्यापेक्षा उलटे चाले. बैलगाडीचा आस जागेवर राहतो आणि चाक फिरते, तसा या इंजिनाचा मधला दांडा स्थिर असे आणि भोवतीचे सिलिंडर पंख्यासकट गरगर फिरत. त्यामुळे ते वाऱ्याने थंड राहत. पण पेट्रोलची वाफ इंजिनाच्या पोटातूनच जाई, आणि साधे खनिज तेल पेट्रोलात विरघळून पातळ होई. एरंडेल सहजी विरघळत नाही आणि उष्णतेलाही टिकते. म्हणून एरंडेलाला पर्याय नव्हता. कॅस्ट्रॉल हे नाव आपण दुकानात वाचतो. तेही १९०९ साली एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच पडलेले आहे.

हे तेल एकदा वापरले की गेले. तासाला कित्येक लिटर तेल इंजिनातून बाहेर फेकले जाई. वैमानिक पाठीमागे उघड्यावर बसलेला. तोंडावर तेल, चष्म्यावर तेल, श्वासात तेल. एरंडेलाचा गुण पोटाला माहीतच आहे, तो त्याला उडता उडता भोगावा लागे!

हसू येते खरे, पण हसण्यासारखे त्यात थोडेच होते. लाकूड, कापड, रोगण आणि पेट्रोल, म्हणजे एका ठिणगीचे काम. ब्रिटिश विमानांच्या वैमानिकांना त्या युद्धात हवाई छत्र्या दिलेल्या नव्हत्या. विमान पेटले की एक तर जळायचे, नाही तर उडी टाकायची. अशा विमानांत आपली मुलेही बसली. रावळपिंडीचे हरदितसिंग मलिक पगडीवर मोठे शिरस्त्राण घालून कॅमल चालवीत. १९१७ मध्ये त्यांच्या पायात गोळ्या घुसल्या. ते वाचले आणि पुढे स्वतंत्र भारताचे कॅनडातले पहिले उच्चायुक्त झाले. कलकत्त्याचे इंद्रलाल रॉय यांनी जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत शत्रूची दहा विमाने पाडली आणि २२ जुलैला ते स्वतः पडले. वय १९. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर 'डॉल्फिन' जातीचे दोनपंखी विमान घेऊन फ्रान्समधल्या आघाडीवर लढत होते. जून १९१८ मध्ये ते गस्तीवरून परतले नाहीत. जर्मनांच्या ताब्यात असताना ३० जूनला जखमांनी त्यांचा अंत झाला.

एरंडीचे मोल त्या दिवसांत केवढे वाढले होते पाहा. जर्मनीची समुद्रावर नाकेबंदी झाली, एरंडेल मिळेना. त्यांनी बदली तेल वापरले, तर इंजिने हवेतच निकामी होऊ लागली. अमेरिकेने १९१८ साली सुमारे एक लाख एकरांवर एरंडी लावण्याचे करार शेतकऱ्यांशी केले आणि त्यासाठी हिंदुस्थानातून बी नेले. फ्लोरिडाच्या दमट हवेत एरंडीच्या घोसांवर करडी बुरशी पडली आणि पिकाचे फार नुकसान झाले. तेवढ्यात नोव्हेंबरात युद्धच संपले. मागणी आली म्हणून पेरले, आणि माल निघेपर्यंत मागणी गेली. ही कथा आपल्याला नवी नाही.

पण कडू घोट पुढेच आहे. आरंभी विमाने नुसती टेहळणीला जात. मग त्यांवर बंदुका चढल्या, मग बॉम्ब. १३ जून १९१७ रोजी 'गोथा' नावाची जर्मन दोनपंखी बॉम्बफेकी विमाने लंडनवर आली. त्यांतला एक बॉम्ब पॉपलर भागातल्या शाळेवर पडला. १८ मुले गेली, बहुतेक पाच वर्षांची.

आणि १९१९ साली हीच विद्या आपल्या घरी आली. १३ एप्रिलला जालियनवाला बाग घडली, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. दुसऱ्या दिवशी पंजाबातल्या गुजराणवाल्यात दंगा उसळला, तेव्हा सरकारने लाहोरहून लष्करी विमाने धाडली. त्यांतल्या एकाने गावाबाहेर, एका खेड्याजवळ दिसलेल्या लोकांच्या घोळक्यावर बॉम्ब टाकले आणि मशीनगन चालवली. खालसा हायस्कूलच्या वसतिगृहाच्या आवारातही बॉम्ब पडले. हंटर समितीच्या चौकशीत हे सारे नोंदले गेले. वरून पाहणाऱ्याला खालचा माणूस दंगेखोर की घरी निघालेला कुणबी, हे कसे कळावे? उंचावरून सगळी माणसे सारखीच दिसतात.

मी थांबलो तेव्हा मुलगा गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे काका, विमान आपल्या रानातल्या मालाचे, आणि बॉम्ब पण आपल्याच रानात?"

मी म्हटले, बाळा, एरंडीचा यात दोष नाही. ज्या शेतकऱ्याने ती पिकवून बाजारात घातली त्याचाही नाही. तिचे पुढे काय होणार हे त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि त्यानेही विचारले नसेल. भाव किती, एवढेच विचारायची आपल्याला सवय. आजही जगात सर्वांत जास्त एरंडी भारतात पिकते आणि तिचे तेल देशोदेशी जाते. ते औषधात जाते, साबणात जाते, रंगात जाते, यंत्रांच्या वंगणात जाते. माल वजन करून देताना, तो जातो कुठे, हेही एकदा विचारावे. भाव वाढण्याचे आणि पडण्याचे कारणही तिथेच कळते.

मुलाने चित्राची घडी घातली आणि खिशात ठेवली. जाताना बांधावरच्या एरंडीपाशी थांबून त्याने एक घोस हातात धरून पाहिला. काटेरी दिसतो, पण टोचत नाही. मग तो शाळेला गेला.