कंचेभागुबेव आणि हट्टी गणकयंत्र

मैत्रिणींनो, सिडकोतल्या एका भगिनींचं पत्र आलंय. त्या घरी पापड-कुरडया करून गुलमंडीवरच्या दुकानांना देतात. मुलाने संगणकावर ईमॅक्स नावाचा, मजकूर लिहिण्याचा फुकट प्रोग्रॅम घालून दिलाय, हिशेब त्यातच. १२ पाकिटांचे ४८० रुपये, तर ५ पाकिटांचे किती? त्यांनी ४८०/१२*५ लिहिलं, उत्तर आलं ८! तोंडी तर २०० येत होते. यजमान म्हणाले, "संगणक कसा चुकेल? तुझंच काहीतरी चुकतंय." मुलाने फोनवर सांगितलेली ओळ घातली, तरी ८च. बिचाऱ्या दोन दिवस बोटं मोजत बसल्या.

ताई, तुमचं काही चुकलेलं नाही. शाळेत आपण 'कंचेभागुबेव' घोकलं: आधी भागाकार, मग गुणाकार. ईमॅक्समधलं गणकयंत्र, म्हणजे कॅल्क, मुद्दाम उलटं चालतं. ते १२ आणि ५ चा आधी गुणाकार करतं आणि ४८० ला ६० ने भागतं. अपूर्णांकात रेघेखालचं सगळं एकत्र धरतो ना, तसं. बीजगणितवाल्यांना ते सोयीचं, पापडवाल्यांना नाही. यजमानांना एवढा परिच्छेद अवश्य वाचून दाखवा!

झटपट उपाय म्हणजे कंस: (४८०/१२)*५. किंवा त्रैराशिकासारखं आधी गुणा, ४८०*५/१२. दोन्हींत २००.

आता मुलाच्या ओळीचं. ती बरोबरच आहे: 'कॅल्क-मल्टिप्लिकेशन-हॅज-प्रिसीडन्स' ही खूण 'निल' करायची, की भागाकार-गुणाकार डावीकडून ओळीने होतात. मग फरक का पडला नाही? पत्रात तुम्ही लिहिलंय की ओळ 'इनिट' फाईलमध्ये घातली. पण घरच्या फोल्डरमध्ये जुनी, टिंबाने सुरू होणारी 'डॉट ईमॅक्स' फाईलही असणार. दोन्ही असल्या की ईमॅक्स जुनीच वाचतं, दुसरीकडे ढुंकूनही पाहत नाही. सासूबाईंनी एक सांगितलं, जाऊबाईंनी दुसरं, आणि ऐकलं मोठीचंच! टिंबवाल्या फाईली लपलेल्या असतात. लिनक्सच्या फाईलींच्या खिडकीत बहुधा कंट्रोल-एच दाबलं की दिसतात. जुनी पुसू नका हं, तिच्यात मुलाने काय काय लिहिलं असेल! ओळ त्याच फाईलमध्ये अगदी शेवटी लिहा. एकच खूण दोनदा लिहिली असेल तर नंतरची चालते. ईमॅक्स बंद करून उघडा. मग कंट्रोल-एच, त्यानंतर नुसता व्ही दाबून खुणेचं नाव द्या. 'निल' दिसलं की जमलं. (हो, कंट्रोल-एचच. ईमॅक्समध्ये त्याचा अर्थ मदत.)

दरांचे तक्ते ईमॅक्सच्या ऑर्ग प्रकारात केले असतील तर त्यांतली सूत्रंही हेच कॅल्क सोडवतं. तिथे कंस घालाच. उद्या दुसऱ्या संगणकावर फाईल उघडली तर ही ओळ तिथे नसेल. आणि दुकानदाराला गेलेली बिलं एकदा काढा. ज्या सूत्रात भागाकारानंतर गुणाकार आहे, तिथे पैसे कमी लागलेले असू शकतात.