फोटोत दिसलं म्हणून कापायचं?

"मणक्यात गॅप आलाय, ऑपरेशनच करायला लागेल." गव्हाण, उलवे, जासई या पट्ट्यात कंबर धरून बसलेल्या माणसाला हा निकाल डॉक्टरांआधी शेजारीच ऐकवतात. शेजारचं न्हावा-शेवा बंदर 1989 साली सुरू झालं. भातखाचरांच्या, मिठागरांच्या मुलखात कंटेनरचे ट्रेलर आले. ते चालवताना तासन्‌तास सीटवर बसणं आणि गाडीचे हादरे कंबरेला बाधतात, यात वाद नाही. वाद इलाजाचा आहे.

एमआरआयमध्ये स्पष्ट दिसतं, हा ऑपरेशनवाद्यांचा हुकमी पत्ता. दिसतं खरं, पण कंबर न दुखणाऱ्यांच्याही फोटोत ते दिसतं! अमेरिकेत अशा 98 जणांचे एमआरआय काढले होते. 1994 साली निष्कर्ष छापून आला: निम्म्याहून अधिक लोकांची मणक्यांमधली एखादी तरी चकती (डिस्क) फुगलेली होती.

"अमका ऑपरेशननंतर चालायला लागला," हा दुसरा दाखला. त्याचा बहुधा पाय दुखत असणार. चकतीने नस दाबून कळ पोटरीत उतरली असेल, तर शस्त्रक्रियेने आराम लवकर पडतो. नेदरलँड्समधल्या 2007 च्या चाचणीत तेच आढळलं. मात्र वर्षअखेरीस लगेच ऑपरेशन केलेले आणि आधी थांबलेले सारखेच बरे होते. थांबलेल्यांपैकी दहातल्या चौघांनाच पुढे ऑपरेशन लागलं. जुनाट कंबरदुखीसाठी मणके स्क्रूने जखडण्याचा पाया तर याहून कच्चा. नॉर्वेतल्या 2003 च्या चाचणीत, समजावून सांगणं आणि व्यायाम यांपेक्षा त्याचा वर्षभरात जास्त फायदा दिसला नाही.

"ऑपरेशन केलं की माणूस लुळा पडतो" म्हणणारेही आमचे मित्र नव्हेत. लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला, पायातली ताकद जाऊ लागली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. अशा वेळी मालिश करत बसणारा कायमचं अपंगत्व ओढवून घेतो.

मग बाकीच्यांनी करायचं काय? महिनोन्‌महिने दुखणाऱ्या कंबरेत मज्जासंस्थाच हळवी होऊन बसते. अपुरी झोप, नोकरीची धास्ती तिला आणखी चेतवतात. दुखणं खोटं नसतं, फक्त ते सुरीच्या टप्प्यात नसतं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 साली रुग्णाला नीट माहिती, व्यायाम आणि मनाचे उपचार सुचवले. कंबरेचा पट्टा आणि वजनं लावून ओढणं सरसकट नको म्हटलं. आणि आपल्याकडे पहिली खरेदी पट्ट्याचीच!

तारीख घेण्याआधी सर्जनला एवढं जरूर विचारा: हे ऑपरेशन पायाच्या कळेसाठी की कंबरेसाठी? आणि नाही केलं, तर वर्षभरानं माझं काय होईल?