तंबाखूचे हितसंबंध आणि सरकारी दप्तर




तंबाखू-नियंत्रणाच्या ज्या आंतरराष्ट्रीय करारास भारत सरकारने २००४ च्या फेब्रुवारीत संमती दिली, त्यातील कलम ५.३ अन्वये आरोग्यविषयक धोरणाचे तंबाखू-व्यवसायाच्या हितसंबंधांपासून रक्षण करणे सरकारवर बंधनकारक आहे. माझ्या मते त्या तहनाम्याचा प्राण याच कलमात आहे.

ते मोडले म्हणजे काय होते, हे २०१५ साली दिसले. वेष्टनाचा ८५ टक्के भाग सचित्र इशाऱ्याने व्यापावा हा नियम १ एप्रिलपासून अंमलात यावयाचा असता, लोकसभेच्या समितीने तो लांबणीवर टाकण्याची शिफारस केली. तिचे अध्यक्ष, आमच्या शेजारच्या नगरचे तत्कालीन खासदार दिलीप गांधी यांनी, तंबाखूने कर्करोग होतो असे दाखविणारे भारतीय संशोधन नाही, असे जाहीर विधान केले, आणि तिच्या सदस्यांत एक विडी-कारखानदारही होते! कर्करोगावर उपचार व संशोधन करणारे परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून उभे असताना हे विधान व्हावे, याचे मला आजही दुःख होते. नियम लागू होण्यास आणखी एक वर्ष गेले.

पुढे जुलै २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तंबाखू-व्यवसायाशी कसे वागावे याबाबत आपल्या अधिकाऱ्यांसाठी आचारसंहिता काढली, ही गोष्ट स्तुत्य होय. परंतु तंबाखू मंडळ वाणिज्य मंत्रालयाखाली, कराची आकारणी अर्थखात्याकडे, आणि सिगारेट बनविणाऱ्या आयटीसीचे भाग आयुर्विमा महामंडळाकडे, अशी स्थिती असता एकट्या आरोग्यखात्याचा दरवाजा बंद करून काय साधणार?

सिन्नरकडे घरोघर विड्या वळणाऱ्या बायांच्या पोटाचा प्रश्न येथे पुढे केला जाईल. तो खरा आहे आणि मी तो लहान मानीत नाही. पर्यायी उपजीविकेस साहाय्य देण्याची तरतूद त्याच कराराच्या १७ व्या कलमात आहे. त्या बायांचे म्हणणे सरकारने त्यांच्याच तोंडून ऐकावे, कारखानदारास त्यांचे वकीलपत्र देऊ नये. मजुरी वाढवून मागताना ज्याच्याशी त्यांना झगडावे लागते, तोच कायद्याच्या मसुद्यापुढे त्यांचा कैवारी कसा ठरतो?

म्हणून, एकट्या आरोग्यखात्यावर न थांबता, नाशिक महानगरपालिका व जिल्हा परिषद यांना माझी विनंती आहे की, तंबाखू-कंपन्यांकडून देणगी वा प्रायोजकत्व घ्यावयाचे नाही, त्यांच्या प्रतिनिधींची भेट अपरिहार्य असेल तेव्हाच घ्यावयाची, आणि प्रत्येक भेटीची नोंद नागरिकांस पाहावयास खुली ठेवावयाची, असा ठराव दप्तरी असल्यास तो प्रसिद्ध करावा. नसल्यास येत्या सर्वसाधारण सभेपुढे मांडावा.

आपला,
एक वाचक, नाशिक