दोन खोल्या, आणि एक्सेलमधली एक ओळ

मंडळी, दिवाळी झाली, पाहुणे गेले आणि घर पुन्हा शांत झालं. घर म्हणजे आमचं नांदेडचं, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. दिवाळीत इथे नऊ माणसं होती. रात्री गाद्या टाकल्या की पाय ठेवायला जागा उरत नव्हती. त्या गर्दीतच पुण्याहून आलेल्या धाकट्यानं लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "नाना, पुढच्या वर्षी मी नोकरी सोडतोय. कायमची."

त्याचं वय चव्वेचाळीस. मी म्हणालो, "दुसरी धरणार का?" तर म्हणे, "नाही. निवृत्ती. याला फायर म्हणतात." आमच्या वेळी फायर म्हणजे एक तर आग किंवा साहेबाची बोलणी. आता त्याचा अर्थ आर्थिक स्वातंत्र्य आणि लवकर निवृत्ती असा आहे म्हणे. पुण्याचा मोठा फ्लॅट विकायचा, तुमच्यासारख्या दोन खोल्यांत राहायचं, उरलेले पैसे गुंतवायचे आणि त्यावर जगायचं. "तुम्हीच नाही का केलंत हे!" असंही वर.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण तेव्हा गप्प बसलो. मास्तरकीच्या पस्तीस वर्षांत एक शिकलो आहे, सगळ्यांसमोर पोराची वही तपासू नये.

आता "तुम्हीच केलंत" याबद्दल. लातूरला औसा रोडकडे आमचं घर होतं. १९८८ साली शिक्षकांच्या पतसंस्थेचं कर्ज काढून बांधलेलं. खाली चार खोल्या, वर दोन, अंगणात लिंबाचं झाड. मी २००९ साली निवृत्त झालो, तोवर दोन्ही लेकरं आपापल्या वाटेनं गेलेली. वरच्या खोल्यांत बारावीची पोरं भाड्यानं राहायची. लातूर पॅटर्नची कृपा, खोली रिकामी कधी राहिली नाही. पण खालच्या चार खोल्यांपैकी दोन आम्ही फक्त झाडायला उघडत होतो.

घर सोडायचं हे २०१६ च्या उन्हाळ्यात ठरलं. मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. साऱ्या देशानं ती गाडी टीव्हीवर पाहिली. आम्ही मात्र टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसायचो. पासष्टीतला मी आणि गुडघे धरलेली ही, दोघं मिळून बादल्या जिन्यानं वर चढवत होतो, कारण भाडेकरू पोरांची परीक्षा होती. तेव्हा कळलं की मोठं घर आपल्याला सांभाळत नाही, आपणच त्याला सांभाळत असतो. तरी विकायला २०१९ उजाडलं. तीन वर्षं मन तयार होण्यात गेली.

विकणं सोपं होतं हो, रिकामं करणं अवघड. शिसवी दिवाण, तांब्याचा बंब, पाटा-वरवंटा, माझ्या जुन्या हजेरीच्या वह्या, पुस्तकांची सहा कपाटं. पुस्तकं वाचनालयाला दिली. हिच्या आईनं दिलेला तांब्याचा हंडा मोडीत घालायला गंजगोलाईत गेलो, दुकानदारानं तो तराजूत ठेवला आणि ही म्हणाली, "राहू द्या." तो हंडा आज इथे स्वयंपाकघरात आहे. त्यात तांदूळ असतात. घर सोडताना ही रडली नाही. लिंबाच्या झाडाला हात लावून मात्र बराच वेळ उभी होती.

लहान घराविषयी माझं मत त्याच्याही आधीचं आहे, ते किल्लारीचं आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. सरकारी हिशेबानं आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. आम्ही काही शिक्षक भाकरी आणि पाणी घेऊन गेलो होतो. जे पाहिलं ते सगळं लिहिणार नाही. एवढंच सांगतो, की ज्याला आपण वैभव म्हणत होतो त्यानंच माणसं मारली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर कित्येक टनांचं मातीचं माळवद. ढाळज, ओसरी, बळद असलेले चिरेबंदी वाडे आपल्याच लोकांवर बसले. कुडाच्या आणि पत्र्याच्या घरातली गरीब माणसं त्या मानानं वाचली. पुढे बावन्न गावं नव्या जागी वसवली. जमिनीप्रमाणे घरं दिली, भूमिहीनांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४०० आणि मोठ्या जमीनदारांना ७५०. आठ खणांच्या वाड्यात वाढलेली माणसं साडेसातशे फुटांत राहायला शिकली. पहिली वर्षं कडबा कुठे ठेवू, बैल कुठे बांधू, शेजारी इतका लांब का, अशा तक्रारी चालल्या. पण राहिली. त्यांच्यावर ते लादलं गेलं होतं. आपण ते हातपाय चालताहेत तोवर, आपल्या मर्जीनं करू शकतो. म्हणून घर लहान करा, आणि लवकर करा, या मुलाच्या मताशी मी शंभर टक्के सहमत आहे.

प्रश्न पुढचा आहे.

रात्री सगळे झोपल्यावर त्यानं मला एक्सेलचा तक्ता दाखवला. महिन्याचा खर्च पन्नास हजार, वर्षाचे सहा लाख, त्याच्या पंचवीसपट दीड कोटी. एवढे जमले की माणूस मोकळा. हे पंचवीसपटीचं सूत्र आलं कुठून असं मी विचारलं. विल्यम बेंगन नावाच्या अमेरिकन सल्लागारानं १९९४ साली तिकडच्या शेअर आणि रोख्यांचे जुने आकडे तपासून ते मांडलं. पहिल्या वर्षी चार टक्के काढायचे, पुढे महागाईप्रमाणे रक्कम वाढवायची, पैसा तीस वर्षं पुरतो. मी मराठीचा मास्तर, गणिताचा नव्हे. पण तीस वर्षं हा शब्द मला ऐकू आला. पंचेचाळीस अधिक तीस, पंचाहत्तर. मी आता चौऱ्याहत्तरचा आहे आणि मला अजून बरंच वाचायचं आहे! शिवाय आकडे अमेरिकेचे, महागाई आपली.

आणखी एक हिशेब मी त्याला पाठच्या कागदावर करून दाखवला. बहात्तरला महागाईच्या दरानं भागलं की भाव किती वर्षांत दुप्पट होतात ते कळतं. सहा टक्के धरा, बारा वर्षं. पंचेचाळीस ते एक्याऐंशी म्हणजे छत्तीस वर्षं, तीन वेळा दुप्पट, आठपट. आजचे पन्नास हजार तेव्हा चार लाख होतील. व्याजाचंही तसंच. माझ्या नोकरीत पीपीएफला बारा टक्के मिळत होते, जानेवारी २००० पर्यंत. एप्रिल २०२० मध्ये ते ७.१ वर आले. ज्येष्ठ नागरिक बचत योजना २००४ ला नऊ टक्क्यांनी सुरू झाली, २०२० ला ७.४ वर आली, २०२३ ला ८.२ झाली. आणि पंचेचाळिशीतल्या माणसाला त्या योजनेचं दार बंदच. आमच्या आजोबांनी निजामाचे हाली रुपये गाडग्यात पुरून ठेवले होते. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा भाव. १९५९ नंतर ते चलनातच राहिले नाहीत. सरकार बदललं, चलन बदललं. "कायमचं" हा शब्द पैशाच्या बाबतीत वापरू नये, असं वडील म्हणायचे.

तक्ता खाली सरकवताना एक ओळ दिसली. "लातूर घर, माझा वाटा : २० लाख."

मी काही बोललो नाही. त्यानंही ती ओळ घाईनं वर नेली. पण झोप लागली नाही. ते पैसे आमच्या दोघांच्या नावावर आहेत, आमच्या औषधपाण्यासाठी आहेत, आणि उरले तर लेक आणि लेक, दोघांत सारखे जायचे आहेत. आम्ही दोघं धडधाकट असताना मुलाच्या हिशेबात आधीच जमा झालो होतो. आणि जमेच्या बाजूला आमची ओळ होती, पण खर्चाच्या बाजूला नव्हती. आईबापांचं आजारपण, दवाखाना, मदतीला बाई, असं काहीच नव्हतं.

हिला पहाटे सांगितलं. ती म्हणाली, "लिहिलं ते नाही चुकलं. न विचारता लिहिलं ते चुकलं." आणि मग म्हणाली, "तुम्ही तरी कुणाला विचारून पेन्शन घेता?"

खरं सांगतो, त्या वाक्यानं माझा राग निम्मा उतरला. मी सोळा वर्षं घरी बसून आहे. दर महिन्याला पेन्शन येते, महागाई वाढली की महागाई भत्ता वाढतो. माझा खर्च पंचवीसपट आहे की पन्नासपट, हे मला कधी मोजावं लागलं नाही, कारण ते सरकार मोजतं. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्या माझ्या सहकाऱ्यांना ती पेन्शन नाही. मार्च २०२३ मध्ये ते आठवडाभर संपावर गेले होते ते याचसाठी. मुलाच्या खाजगी कंपनीत तर तसलं काहीच नाही. आणि ज्यांच्यात मी वाढलो त्या शेतकऱ्यांना निवृत्ती हा शब्दच माहीत नाही. वडील शहात्तराव्या वर्षी तुरीच्या रानात होते. मग भक्कम भिंतीला टेकून बसलेल्या माणसानं उघड्यावरच्या माणसाला "घाबरू नको, नोकरी कर" असं सांगावं का?

सकाळी त्याला घेऊन गोदावरीच्या घाटावर गेलो. ओळीचा विषय मीच काढला. तो ओशाळला, "काढून टाकतो नाना," म्हणाला. मग बराच वेळ पाण्याकडे बघत बसला आणि जे एक्सेलमध्ये नव्हतं ते बोलला. कंपनीत चाळिशीवरच्यांना एकेक करून बोलावून घेत आहेत. दोन मित्र गेले. रक्तदाब सुरू झालाय, घरी सांगितलेलं नाही. "त्यांनी काढण्याआधी मी जावं, एवढंच." म्हणजे ही निवृत्ती नव्हतीच, भीती होती. मी रात्रभर तिला आळस समजत होतो.

तर माझं मत आता असं आहे. पन्नाशीनंतर हळूहळू बाजूला व्हावं, ही कल्पना आपल्याला नवी नाही. वानप्रस्थ दुसरं काय होतं? पण वानप्रस्थात माणूस गरजा कमी करायचा, काम टाकून देत नव्हता. घर लहान करावं, हप्ते संपवावेत, म्हणजे साहेबाची भीती कमी होते. ही मोकळीक मला दीड कोटीपेक्षा मोठी वाटते. पण नोकरी सोडणं आणि कमावणं सोडणं यांत फरक आहे. महिना वीस हजार जरी हाताला येत राहिले तरी वर्षाला दोन लाख चाळीस हजार साठ्यातून काढावे लागत नाहीत. आणि हिशेबात जे हातात आहे तेच लिहावं. आईबापांचं मरण जमेला धरू नये, त्यांचं म्हातारपण खर्चाला जरूर धरावं. तुमच्या मुलांना हे सांगायला लाज वाटत असेल, तर हा लेख त्यांना पाठवा.

आणि आपण पेन्शनवाल्यांनीही एक करावं. पैसे कुठे आहेत, किती आहेत, कुणाचे आहेत, हे मुलांना स्पष्ट सांगावं. मी सांगितलं नव्हतं, म्हणून त्यानं अंदाज केला. त्यात माझीही चूक होतीच. परवा मी आणि हिनं मृत्युपत्राचा कच्चा कागद तयार केला, दोघा लेकरांना वाचून दाखवला. लेकीला ऐकवेना. तिला म्हटलं, "बाई, शाळेत वेळापत्रक लावतात ना, तसंच समज."

मुलानं परवा फोन केला. ओळ काढली आहे. वीस लाख गेल्यावर राहिले एक कोटी तीस लाख, त्याचे चार टक्के महिन्याला त्रेचाळीस हजारांच्या आसपास. खर्चाच्या बाजूला नवी ओळ घातली आहे, "नाना-आई". पन्नास हजारांचं गणित आता बसत नाही. म्हणून नोकरी सोडायची की अजून दोन-तीन वर्षं काढायची, ते त्याचं ठरलेलं नाही. पुण्याचा फ्लॅट मात्र तो विकणार आहे आणि डॉक्टरकडेही जाऊन आला. मी म्हटलं, घर लागलं तर आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या आहेत.

असो. फार लिहिलं. हंड्यातले तांदूळ निवडायला बोलावणं आलं आहे, उठतो.