विश्लेषण : रानडुकरांवर ‘लिव्हर-अ‍ॅक्शन’ रायफल हा उपाय का नाही?

अमेरिकेतला शेतकरी गाडीतून लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल काढतो, खटका पुढे-मागे करतो आणि पिकात शिरलेला प्राणी एका बारात आडवा होतो. मग हातातोंडाशी आलेला भात रानडुकरे लोळवून जात असताना पनवेलच्या शेतकऱ्याला हेच हत्यार का मिळू नये? प्रश्न गैर नाही. पण त्याचे उत्तर रायफल किती चांगली यावर नाही, तर नेम चुकल्यावर गोळी कुठे जाते यावर ठरते.

हे हत्यार चालते कसे?

ट्रिगरभोवतीची लांब कडी पुढे ढकलली की रिकामे काडतूस बाहेर पडते. ती मागे ओढली की नळीखालच्या नळकांड्यातले पुढचे काडतूस आत बसते. रायफल खांद्यावरून न काढता लगेच दुसरा बार टाकता येतो. विंचेस्टरची १८७३ आणि १८९४ ची मॉडेल्स यामुळेच गाजली. ‘पॉइंट टू-टू’ बोअरची लिव्हर-अ‍ॅक्शन तर ससे, खारी, घुशींसाठी जवळपास आदर्श मानली जाते. झटका नगण्य, आवाज कमी, काडतूस स्वस्त. यंत्र म्हणून तिच्यात खोट काढणे अवघड आहे.

मग अडचण काय?

याच छोट्या काडतुसाच्या खोक्यावर गोळी दीड मैलापर्यंत धोकादायक असल्याचा इशारा छापलेला असतो. म्हणजे सुमारे २.४ किलोमीटर. रायफलीच्या नळीतले आटे गोळीला फिरकी देतात, त्यामुळे ती सरळ आणि लांब जाते. बारा बोअरच्या बंदुकीचे छर्रे मात्र काहीशे मीटरमध्येच दम तोडतात.

रोडपालीभोवती २.४ किलोमीटरचे वर्तुळ काढले तर त्यात कळंबोलीच्या सोसायट्या, शाळा, मुंब्रा-पनवेल रस्त्यावरची ट्रकची रांग, असे सगळे येते. तालुक्याच्या डोंगराकडच्या गावांत वस्ती विरळ आहे, पण तिथेही शेत एकरांत नाही तर गुंठ्यांत मोजले जाते. एका बांधावर डुक्कर आणि पलीकडच्या बांधावर राखणीला बसलेला शेजारी, तोही अंधारात.

शिवाय ‘टू-टू’ची गोळी रानडुकराला पुरत नाही. जनावर जखमी होऊन झाडीत शिरते आणि सकाळी गवताला गेलेल्या बाईवर उलटते. डुक्कर पाडेल अशी ‘थर्टी-थर्टी’ घ्यावी तर तिची गोळी त्याहून लांब जाते.

कायदा काय देतो?

शस्त्र कायदा १९५९ च्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणाचा उल्लेख थेट आहे. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, आणि ती पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली तर आटे नसलेल्या नळीची दुसरी बंदूक देता येते. रायफल या सवलतीत बसत नाही, तिच्यासाठी वेगळे सबळ कारण दाखवावे लागते. त्यातही खासगी आयात १९८० च्या दशकापासून जवळपास बंद असल्याने लिव्हर-अ‍ॅक्शन मिळालीच तर एखाद्या जुन्या शिकारी घराण्याच्या कपाटातून.

पनवेल तालुका नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात येतो. त्यामुळे इथे परवान्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे नव्हे, पोलीस आयुक्तांकडे जातो. अनेकांचा पहिला हेलपाटा इथेच वाया जातो.

परवाना मिळाला म्हणजे शिकारीची मुभा मिळाली, असेही नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार रानडुक्कर संरक्षित आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११ खाली वन अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. राज्याच्या २०१५ च्या शासन निर्णयाने रानडुक्कर आणि रोहीसाठी हा अधिकार वनक्षेत्रपालापर्यंत खाली आणला आणि २४ तासांत निर्णय न झाल्यास परवानगी गृहीत धरण्याची सोय केली. हौसेखातर ससा-तितर मारण्याचा विषय तर १९९१ च्या दुरुस्तीनेच संपला आहे.

शहरातल्या वाचकांसाठी एक गोष्ट. ०.१७७ इंचापर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअरगनला परवाना लागत नाही, म्हणून ती गच्चीवरून भटक्या कुत्र्यांवर चालवण्याची मोकळीक मिळत नाही. जनावर मारणे किंवा जायबंदी करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे.

मग शेतकऱ्याने करायचे काय?

‘रायफल नको’ म्हणून विषय संपवणे सोपे आहे, आणि बरेच प्राणीप्रेमी तिथेच थांबतात. साड्यांचे कुंपण आणि फटाके यांना डुकरे चार दिवसांत सरावतात. त्यानंतर काही जण तारेत चोरून वीज सोडतात. त्या तारेला डुक्कर, गाय आणि माणूस यांतला फरक कळत नाही. कायदेशीर वाट जितकी लांब, तितकी ही तार जवळची वाटते.

केरळने २०२२ मध्ये पंचायतींच्या प्रमुखांना रानडुकरे मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार दिला. गोळी झाडायची ती परवानाधारक नेमबाजांनी. प्रत्येक घरात बंदूक देण्यापेक्षा हे शहाणपणाचे आहे. जागा, वेळ, मागची वस्ती पाहून बार टाकणारा सरावाचा माणूस असतो आणि झालेल्या प्रकाराला जबाबदार एक नाव असते. पनवेल, कर्जत, खालापूरच्या पट्ट्यात अशी यादी वन विभाग आणि पोलिसांनी मिळून करायला हरकत नसावी. कर्नाळा अभयारण्याची हद्द अर्थातच त्यातून वगळावी लागेल.

त्याच वेळी ज्यांच्याकडे पीक संरक्षणाच्या बंदुका आहेत, त्यांच्या ऐन हंगामात जमा करून घेण्याचा प्रघात तपासायला हवा. २०२४ च्या विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली आणि मतदान २० नोव्हेंबरला झाले. कोकणात भात पिकून कापला जातो तो नेमका हाच काळ. शस्त्र कोणाचे जमा करायचे हे छाननी समितीने प्रकरणानुसार ठरवायचे असते. तिथे गुन्ह्याची नोंद नसलेल्या शेतकऱ्याला सूट मिळावी यासाठी गावाने आचारसंहिता लागण्याची वाट न पाहता आधीच लेखी मागणी केलेली बरी.